पार्बताबाईचा घट्ट हात

सत्यवतीबाईंच्या ओसरीवर आम्ही विणायला बसायचो ते लढाईचे दिवस होते. लढाई कुठे तरी साता समुद्रापलीकडे, आणि इकडे अकोल्याच्या उन्हात आम्ही बायका सोल्जरांचे पायमोजे विणत बसलेल्या. मोठ्या साहेबाच्या मड्डमेने गावातल्या बायकांना हाक दिली, खाकी लोकरीचे गठ्ठे आले, आणि सत्यवतीबाई मुलींच्या शाळेत मास्तरीण, म्हणून शिकवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. आमचे मालक महादेवराव मला म्हणाले, "जाय तू बी. घरी माह्यासंगं भांडण्यापरीस सुयांसंगं भांड." ते काही अगदीच खोटं बोलत नव्हते. पोरांच्या शाळेपायी आम्ही शेतावरचं घर सोडून ताजनापेठेत राहायला आलो होतो. तिथे ना ढोरं, ना निंदण, ना गडीमाणसं. माझ्या जिभेला काही कामच उरलं नव्हतं, म्हणून ती दिवसभर त्यांच्यावर चालायची.

दुपारी पाच-सहा जणी जमायच्या. सुया कमी आणि गप्पा जास्त, हे आधीच सांगून टाकते. पण सत्यवतीबाई शिकवायला पक्क्या होत्या. अमरावतीला शिकलेल्या, लवकर विधवा झालेल्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. टाका चुकला की नुसतं "बघा बरं" म्हणायच्या, आणि आपण बघितलं की आपल्यालाच लाज वाटायची.

पार्बताबाई तिथे यायची ती फुलं घेऊन. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहराच्या टोकाला तिच्या नवऱ्याची, भगवंताची, फुलांची बाग होती. सकाळी ती बाजारात हार करायला बसायची आणि दुपारी उरलेल्या वेण्यांची टोपली डोक्यावर घेऊन पूल ओलांडून आमच्याकडे यायची. आम्ही वेण्या घ्यायचो, ती पाणी प्यायची आणि जायची. एकदा मात्र पाणी पिऊन झालं तरी ती गेली नाही. ओसरीच्या पायरीवर बसली आणि सत्यवतीबाईंच्या हातांकडे टक लावून बघत राहिली.

मी म्हटलं, "पार्बताबाई, फुलं सुकून राह्यले ना तुमचे."

"सुकू द्या," ती म्हणाली. माळ्याच्या बाईच्या तोंडून हे! मग ती सत्यवतीबाईंना म्हणाली, "बाई, हे मले शिकवता का? नातीसाठी पायजे. अंजनगावले थंडी लय पडते, अन् तिची छाती भरते. माय नाई तिले."

तिची लेक तानू अंजनगाव सुर्जीला दिली होती. दुसऱ्या बाळंतपणात ती गेली, पोटातलं लेकरूही गेलं. मागे राहिली कौशी. आई गेली तेव्हा दोन वर्षांचीसुद्धा नव्हती पोर. तेरावं करून पार्बताबाई परत आली ती आलीच. सासरच्यांनी पुन्हा नातीला पाठवलं नाही, हिला बोलावलं नाही. जावई देवीदासने वर्षाच्या आत दुसरी बायको केली. आपल्याकडे पुरुषाला कुठे सुतक फार दिवस पुरतं?

वकील उत्तमरावांची बायको आमच्यात बसायची. माळीण आपल्या शेजारी बसणार म्हटल्यावर तिने पदर सावरून जरा जागा सोडली. मी तिला काही तरी ऐकवणारच होते, पण त्याआधी सत्यवतीबाई उठल्या, आतून चटई आणली आणि आपल्याला लागून अंथरली. "बसा," एवढंच म्हणाल्या. पार्बताबाई बसली.

आता तिच्या हाताबद्दल सांगायला हवं. हार करणाऱ्या बाईचा हात निराळा असतो. केळीचं सोपट, म्हणजे खोडाच्या सालीचा दोर, ओलं करायचं, फुलाच्या देठाला फास टाकायचा आणि असा ओढायचा की फूल हललं नाही पाहिजे. लहानपणापासून तिने हेच केलेलं. सुया हातात घेतल्या आणि प्रत्येक टाका तिने तसाच ओढला. पहिला तुकडा विणून झाला तो एवढा कडक की उभा करून ठेवला तर उभा राहिला. मी हसून हसून बेजार.

"हे स्वेटर आहे का पाट बसाचा?" मी विचारलं.

तीही हसली. "काय करू व मैनाबाई? फूल सैल बांधलं तर बाजारात जाईलोक गळते. हात ऐकत नाई माहा."

"लोकरीला जरा मोकळं सोडा," सत्यवतीबाई म्हणाल्या. "ती पळून जात नाही."

पार्बताबाईने उसवलं, पुन्हा विणलं. पुन्हा घट्ट. पुन्हा उसवलं. इतर कोणी असती तर सुया फेकून गेली असती, मीच फेकल्या असत्या. ती रोज यायची. टोपली आता पायरीवर राहायची आणि ती चटईवर. हळूहळू आम्ही सगळ्याच तिच्या मागे लागलो. कुणी सुईवर टाके घालून द्यायची, कुणी शेजारी बसून नुसतं "सैल, सैल" म्हणत राहायची. वकिलीणबाईसुद्धा एक दिवस तिचं बोट धरून उलट टाका दाखवताना मी पाहिली, आणि त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात माफ केलं.

खाकी लोकर सरकारची, ती घेता येत नव्हती. आणि नातीला खाकी कशी घालायची? बाजारात लोकर मिळत नव्हती. मग मी घरी जाऊन महादेवरावांचा लोकरीचा लाल गुलबंद पेटीतून काढला. त्यांना तो फार प्रिय होता, नागपूरच्या प्रदर्शनातून आणलेला. मी सरळ उसवायला घेतला. ते घरी आले तेव्हा त्याचा गोळा झाला होता. "हे काय करून राहिली?" म्हणाले. "पुण्य," मी म्हटलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरात शांतता होती तेवढीच.

दिवाळी झाली आणि लाल स्वेटरची पाठ पुरी झाली. माप नव्हतं, म्हणून पार्बताबाईने आळीतली कौशीच्या वयाची एक पोर पकडून तिच्या अंगावर वितीने मोजून घेतलं होतं. विणताना ती बोलायची ते फक्त कौशीचं. कौशी चालायला लागली ती तिच्याच बागेत. झेंडूच्या वाफ्यात पडली आणि उठताना मूठभर फुलं उपटून आली. तानूबद्दल बोलायला लागली की हात थांबायचा, म्हणून ती तानूबद्दल कमी बोलायची.

संक्रांत जवळ आली तेव्हा भगवंत स्वतः अंजनगावला जाऊन आला. आमच्याकडची रीत अशी की पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर त्या दुसरीने पहिलीच्या माहेरी जायचं. तिथल्या आईने तिची ओटी भरायची आणि तिला लेक म्हणायचं. दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक असतो. म्हणजे मेलेली गळ्यात, आणि तिचं माहेर नवीच्या वाट्याला. रीत कुणी काढली देव जाणे. पण तिच्या आधारानेच भगवंत गेला होता. नवीन सून शेवंता, तिची पहिली संक्रांत. तिला माहेरी पाठवा, आणि तिच्याबरोबर पोरीला पाठवा, असं सांगायला.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई आली ती विणायला न घेता बसून राहिली. सत्यवतीबाईंनी विचारलं, "नाही म्हणाले का?"

"हो म्हने," ती म्हणाली. "पाठवतो म्हने. पन इहीनबाईची अट आहे."

इहीनबाई म्हणजे तानूची सासू, माणिकबाई. अट अशी होती: पोरीसमोर तानूचं नाव काढायचं नाही. शेवंता हीच तिची माय. आणि पार्बताबाई शेवंताची माय म्हणून पोरीची आजी. कबूल असेल तर दर संक्रांतीला, दर दिवाळीला पोर येईल. नाही तर नाही.

माझं डोकंच फिरलं. "अवं, त्या बुढीच्या तोंडात शेन घालाले पायजे होतं! पोटची लेक गेली तुमची, अन् तिचं नावबी घ्याचं नाई?"

"आईका तरी," पार्बताबाई म्हणाली. "तानू गेल्यावर पोरगी दारात बसून राहे म्हने. माय येनार म्हने अन् बसे. घास घेत नोती. तापानं मरता मरता वाचली. मंग ही शेवंता आली. पोरगी तिले माय म्हनाले लागली, अन् तवापासून खाऊन राह्यली, खेळून राह्यली. इहीनबाई म्हने, आता कोनी सांगतलं की तुही माय दुसरी होती, तं लेकरू पुन्हा दारात जाऊन बसन."

मी भांडायला निघाले होते आणि समोर कुणी भांडायला उभंच नव्हतं. सत्यवतीबाई मात्र म्हणाल्या, "खोटं फार दिवस झाकून राहत नाही, पार्बताबाई. पोर मोठी होईल, कुणी तरी सांगेल. तेव्हा ती तुम्हालाच विचारेल, तुम्ही का नाही सांगितलंत म्हणून."

वकिलीणबाईला ते पटलं नाही. लेकरू जगतंय हे मोठं, बाकीचं मागाहून बघता येईल, असं तिचं म्हणणं. दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं. पार्बताबाईने शेवटपर्यंत मान वर केली नाही.

जाताना मी तिच्याबरोबर पुलापर्यंत गेले. तिथे ती थांबली आणि म्हणाली, "मी सांगनच, मैनाबाई. येऊ द्या पोरीले. मांडीवर घेईन अन् सांगन. तानूनं तिले नऊ मयने पोटात वागवलं, रातरात जागली तिच्यासाठी. तिले असं पुसून टाकाचं? मले नाई जमत ते."

"सांगाच," मी म्हटलं. मला बरं वाटलं. मला नेहमीच भांडणारी माणसं आवडत आली आहेत.

बाही झाली, दुसरी बाही झाली. शेवटी गळ्याचे टाके बंद करायचे राहिले. ते सत्यवतीबाईंनी करून देते म्हटलं, पण पार्बताबाई ऐकेना. "शेवट माह्या हातचा पायजे," म्हणाली आणि घरी घेऊन गेली. संक्रांतीला आम्हा सगळ्यांना तिने हळदीकुंकवाला बोलावलं.

बागेतल्या तिच्या घरी मी पहिल्यांदाच गेले. दोन खोल्या, पुढे अंगण सारवलेलं, पलीकडे नदीपर्यंत शेवंती आणि झेंडू. शेवंता काळी चंद्रकळा नेसून भिंतीला टेकून बसली होती. सोळा-सतरा वर्षांची, सावळी, घाबरलेली. तिला स्वतःला आई नव्हती, लहानपणीच गेली, हे मला तिथेच कळलं. तिचा राग करायचा म्हणून मी घरून ठरवून आले होते. तिला बघून राग काही येईना, त्याचाच मला राग आला. माणिकबाई तिच्या शेजारी पाय पसरून बसली होती आणि शेवंताच्या मांडीवर कौशी.

पोर गोरीगोमटी, केस कुरळे. एका हातात तिळाचा लाडू, आणि दुसऱ्या हाताने शेवंताच्या गळ्यातला टाक धरून त्याच्याशी खेळत होती. चांदीचा टाक, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईची आकृती कोरलेली. पोरीची आईच ती. पोर मधूनच तो तोंडात घालायची.

"काय आहे व ते?" वकिलीणबाईने सहज विचारलं.

"देव आहे," कौशी म्हणाली.

पार्बताबाई तेव्हा ओटीचं तबक घेऊन आली होती. तिने ते ऐकलं. तांदळाची ओंजळ भरलेली, हात तसाच थांबला. मला वाटलं, आता. आता ही बोलणार. माणिकबाईही ताठ झाली. पार्बताबाईने शेवंताच्या पदरात नारळ घातला, तांदूळ घातले, हळकुंड, सुपारी घातली. कुंकू लावलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"लेक माही," ती म्हणाली. रीतीप्रमाणे म्हणायचंच असतं. शेवंताने वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि ती "माय" म्हणाली. ते मात्र रीतीचं नव्हतं. ते तिच्या पोटातून आलं होतं.

मग पार्बताबाईने स्वेटर आणलं. लाल, दोन्ही बाह्या सारख्या, एक टाका चुकलेला नाही. आम्हा सगळ्यांचे चेहरे फुलले, जणू आमच्या सगळ्यांचीच नात तिथे बसली होती. "ये, कौशे," पार्बताबाई म्हणाली. "आजीनं विनलं तुह्यासाठी." पोर पुढे आली. रंग बघूनच हरखली होती. दोन्ही हात वर करून उभी राहिली आणि आजीने स्वेटर तिच्या डोक्यावरून घातलं.

ते डोक्यातून खाली जाईना. गळ्याचे टाके तिने हाराच्या शेवटच्या गाठीसारखे ओढून बंद केले होते. हार देवाच्या गळ्यात पडायचा असतो, म्हणून शेवटची गाठ सगळ्यांत पक्की. सारं स्वेटर तिने मन मारून सैल विणलं आणि शेवटी, स्वतःच्या घरी, कुणी "सैल" म्हणायला शेजारी नसताना, तिचा हात आपल्या वळणावर गेला. पोरीचं तोंड आत अडकलं. हात वर, तोंडावर लाल लोकर, समोर अंधार. तिने किंकाळी फोडली.

"माय! माय!"

पार्बताबाई तिला धरून होती. "हो व माय माही, हो, काढते," म्हणत होती. पोर हातापायांनी तिला ढकलत होती. शेवंता उठली, ओटीतला नारळ, तांदूळ सगळं अंगणात सांडलं, आणि तिने धावत जाऊन स्वेटर वर ओढून काढलं. कौशीने तिच्या गळ्याला मिठी मारली ती सुटेना. लालबुंद झाली होती. हुंदके देत "माय, माय" करत राहिली. शेवंता तिच्या पाठीवरून हात फिरवत तिला कसली तरी गोष्ट सांगायला लागली, कावळ्याची की चिमणीची, आणि पोर हळूहळू निवली.

पार्बताबाई हातात रिकामं स्वेटर घेऊन उभी होती. ती त्या दोघींकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. तिने डोळ्यांनी बघितलं की भ्यालेलं लेकरू कुणाला हाक मारतं आणि कुणाच्या खांद्यावर शांत होतं. तानूला ती हाक आता पोचणार नव्हती. ज्या बाईला पोचत होती ती समोर होती.

सत्यवतीबाई हळूच म्हणाल्या, "नुसता गळाच आहे, पार्बताबाई. उसवा आणि पुन्हा बंद करा. अर्ध्या घटकेचं काम."

पार्बताबाईने सुया आणल्या आणि तिथेच अंगणात बसली. टाके सोडवले, सुईवर घेतले आणि सैल हाताने बंद करायला लागली. आम्ही सांडलेले तांदूळ गोळा केले. तिळगूळ वाटला गेला. माणिकबाई आपल्या केळीच्या बागेचं काही तरी सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं.

सुयांच्या हलण्याकडे कौशीचं लक्ष गेलं. शेवंताच्या मांडीवरून उतरून ती एक पाऊल पुढे आली, मग आणखी एक, आणि शेवटी पार्बताबाईच्या गुडघ्याशी येऊन उकिडवी बसली. लोकरीचा धागा कुठून कुठे जातो ते बघत राहिली. थोड्या वेळाने तिने आजीच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. पार्बताबाई श्वाससुद्धा जपून घेत होती. पोर एवढी जवळ आली होती की आता मांडीवर घेऊन हवं ते सांगता आलं असतं. पुलावर ती मला जे बोलली ते मला आठवत होतं आणि माझे कान तिकडेच लागले होते.

"आजी," कौशी म्हणाली.

"काय व?"

"माय लहान होती तवा तिलेबी तू इनून देत होती?"

माणिकबाईने मान वळवून पार्बताबाईकडे बघितलं. शेवंताने मान खाली घातली, ती एवढी खाली की चेहरा दिसेना. पार्बताबाई विणायचं थांबली. तिने आधी पोरीकडे बघितलं. मग शेवंताकडे. शेवंता लहान होती तेव्हा तिला काही विणून द्यायला आईच नव्हती. आणि तानू लहान होती तेव्हा पार्बताबाईला विणता येत नव्हतं. ज्या आईबद्दल पोर विचारत होती तिच्या अंगावर लोकरीचा धागा कधी चढलाच नव्हता, यातली कुठलीही आई धरली तरी.

"देत होती ना," पार्बताबाई म्हणाली.

"कोनत्या रंगाचं?"

"असंच. लाल."

"तिच्याबी डोक्यात अटकलं?"

"अटकलं ना. तीबी अशीच रडली होती, तुह्यासारखी."

पोर खळखळून हसली. मागे वळून शेवंताला म्हणाली, "माय, तू रडली होती!" आणि शेवंताने तोंडाला पदर लावून मान हलवली. तिला रडू आवरत नव्हतं. पोरीला वाटलं की माय हसते आहे.

मी उठून बागेत गेले. शेवंतीच्या वाफ्याशी उभी राहून पोटभर रडले. रडता रडता मला पार्बताबाईचा संताप आला होता, हेही सांगते. एवढं बोलली होती आणि जराही लढली नाही. परत आले तेव्हा स्वेटर कौशीच्या अंगात होतं, गळा बरोबर बसला होता, आणि ती आजीच्या मांडीवर बसून तिळाचा लाडू खात होती. मग माझा संताप कुठे गेला ते मला कळलं नाही.

ती मंडळी दोन दिवसांनी मूर्तिजापूरच्या गाडीने गेली. पुढच्या आठवड्यात पार्बताबाई ओसरीवर आली. टोपली पायरीवर ठेवली, चटईवर बसली आणि म्हणाली, "बाई, आता वाढत्या अंगाचं माप कसं धराचं ते शिकवा. दिवाळीले येनार आहे पोरगी. तवालोक हे तिले पुरनार नाई."

सत्यवतीबाई माप समजावून सांगायला लागल्या. पार्बताबाईचा चेहरा ओढलेला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण ती लक्ष देऊन ऐकत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पार्बताबाई, तिथं नाई तं नाई, पन इथं तरी बोला. मन मोकळं करा. आमी काई परके आहो का? तानूची आठवन..."

"नाव घेऊ नका, मैनाबाई."

ती चिडून बोलली नव्हती. विनवणी केल्यासारखं बोलली.

"काहून?"

"घरीबी बंद केलं आमी. सवय लागू देली तं कवातरी पोरीपुढं तोंडातून निघून जाईन. मंग ती दारात जाऊन बसन. नाई निघालं पायजे. कुठंच नाई. माह्या मनातबी नाई."

भगवंताला सगळी माळीआळी तानूचा बाप म्हणायची. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही (मी इथे घेतलं ते सोडा), पहिल्या लेकराच्या नावाने त्याला ओळखते, आणि मग सगळा मोहल्लाही तसंच म्हणतो. मीही त्याला तसंच म्हणत आले होते. बागेत तो माणूस एकटा वाफ्यांना पाणी देत असतो, लेकीचं नाव घ्यायचं नाही हे त्याला कसं जमणार, असं माझ्या मनात आलं आणि मी विचारलं, "अन् तानूचे बाप? त्याईले हे जमन का?"

पार्बताबाईने उरलेल्या लाल लोकरीचं टोक शोधून काढलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"शेवंताचे बाप म्हना," ती म्हणाली आणि टाके घालायला लागली.